बारा गोधड्यांपैकी आठ

गुरुवारी सकाळी नऊ वाजताच भिवरटोल्याच्या शाळेमागच्या पटांगणात अर्धं गाव जमलं होतं. धानाची मळणी आटोपलेली, हाताला काम कमी, आणि त्यात रक्त पाहायला मिळणार होतं. केशोरीकडूनसुद्धा दोन-तीन मोटारसायकलींवर माणसं आली होती. दोन बांबूंना दोरी ताणून तिच्यावर आठ गोधड्या टांगल्या होत्या. सोमवारपर्यंत त्यांचं अंग पांढरंशुभ्र होतं. आता प्रत्येकीवरून लाल ओघळ उतरले होते. कुठे बोटाएवढे, कुठे हाताएवढे. बायका लांबूनच पदर तोंडाला लावून पाहत होत्या.

समोर खाटेवर सेवकबाबा बसले होते. अंगात काळा सदरा, गळ्यात तीन प्रकारच्या माळा, आणि खिशात दोन मोबाईल.

"हे कपडा नाही, भाऊ. हे कपडा बोल रहा है," बाबा म्हणाले. "तुमाले आयकू येत नाही, कारन तुमच्याकडे टावर नाही. माझ्याकडे वरचा टावर हाये. तिकडून सिग्नल येते, मी फक्त सांगतो. मले काही नाही पायजे. ना पैसा, ना अडका. चहा तेवढा घेतो."

चहा घेऊन त्यांनी बचत गटातल्या सहा बायकांना ओळीत उभं केलं. ह्या गोधड्या त्याच सहा जणींनी मशीनवर शिवल्या होत्या. बाबांनी प्रत्येकीच्या उजव्या मनगटावर पूजेच्या पिवळ्या कापडाची पट्टी बांधली. "जिच्या हाताले बाधा असेल, तिचा हात आपनच रडेल," ते म्हणाले, आणि लोट्यातलं तीर्थ एकेकीच्या पट्टीवर ओतत निघाले.

अल्का रामटेके ओळीत तिसरी होती. गटाची शिवणकामातली जाणती तीच. आमगावला मामाकडे राहून ती शिवण शिकली होती, आणि तिन्ही मशीन तिच्याच हाताखाली चालत. तिच्या पट्टीवर पाणी पडलं. पट्टी पिवळीच राहिली. तिला हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

शेवटी पार्वताबाई कापगते. सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, लेकरू नाही. तिच्यापाशी येईपर्यंत तीर्थ संपलं. बाबांनी झोळीतून दुसरा लोटा काढला, डोळे मिटून काही पुटपुटले आणि ओतला.

पिवळी पट्टी लाल झाली. पाणी पडलं तिथे आधी डाग उमटला, मग तो पसरत मनगटाच्या खालपर्यंत गेला. गर्दीतून एकच हुंकार निघाला आणि लोक दोन पावलं मागे सरले. गटातली सगळ्यात लहान हर्षा आठ महिन्यांची खोकणारी पोर छातीशी आवळून पार शाळेच्या भिंतीपर्यंत मागे गेली.

पार्वताबाई आपल्या हाताकडे बघत उभी होती. "मले तं काहीच दुखत नाही," ती म्हणाली. "मंग रक्त कुठून आलं?"

बाबांनी फर्मान सोडलं. पट्टी कोणीच सोडायची नाही, सोडली तर बाधा गावभर फिरेल. येत्या पौर्णिमेच्या आत बाईनं गाव सोडायचं. आणि तिन्ही मशीनमध्येही बाधा शिरली होती. "ते मी रविवारी माझ्या आश्रमात घेऊन जातो. तिथं शांत करतो. शांत झाल्या की सांगीन."

मशीन शांत व्हायला किती दिवस लागतात, हे कोणी विचारलं नाही.

*

गोधड्यांवर काय झालं होतं, हे अल्काला सोमवारीच कळलं होतं.

नवेगावच्या जंगलाजवळ एक नवीन लॉज झालं होतं. त्यांनी बारा गोधड्या सांगितल्या होत्या: पांढरं अंग, लाल किनार, आणि मधोमध लाल कापडाची कमळं. गटाचं हे पहिलंच मोठं काम. सहा जणी महिनाभर त्यावर बसल्या होत्या. पहिलं लाल कापड अल्कानं नियमाप्रमाणे गरम पाण्यात भिजवलं होतं. पहिल्या पाण्याला तांबडा रंग सुटला, दुसऱ्याला गुलाबी, चौथं पाणी स्वच्छ निघालं, तेव्हाच तिनं त्याला कात्री लावली. त्यातून चार गोधड्या झाल्या. मग कापड संपलं. गोंदियाहून दुसरं आलं ते आठ दिवस उशिरा. लॉजवाल्यांचे फोन सुरू झाले, दुपारी लाईट जायची, मशीनची मोटार बंद पडायची. एवढं कापड भिजवा, वाळवा, इस्त्री करा, यात दोन दिवस जाणार. अल्कानं ते कोरंच कापलं. पुढच्या आठ गोधड्या त्यातून शिवल्या.

देण्याआधी सगळ्या धुवायच्या होत्या, कारण खडूच्या खुणा आणि मशीनच्या तेलाचे डाग होते. पहिल्या चार रविवारी धुतल्या, छान निघाल्या. उरलेल्या आठ सोमवारी एकदम सिमेंटच्या टाक्यात घातल्या. पाणी गुलाबी झालेलं अल्कानं पाहिलं. त्याच वेळी पाणी बदलत राहिली असती तरी बरंचसं निभावलं असतं. पण तिला काही सुचलं नाही. तिनं त्या घाईनं पिळून दोरीवर टाकल्या, आणि ओल्या लाल कमळांमधून रंग खाली ओघळत गेला.

ती तोंड उघडणार, एवढ्यात कोणीतरी म्हणालं, "माय व, रक्त."

दुसरी म्हणाली, "पार्वताबाई धरून बसली की सुईबी तुटते. तीन तुटल्या."

सुया तुटल्या होत्या हे खरं. पार्वताबाई मशीनच्या मागं बसून जड गोधडी ओढून धरायची. मागून ओढलं की सुई वाकते, खालच्या पत्र्यावर आपटते आणि तुटते. त्यात कोपऱ्यावर कापडाचे आठ-आठ थर एकत्र येत होते, आणि अल्काकडे अठरा नंबरची जाड सुई संपल्यामुळे ती चौदा नंबरवर भागवत होती. हेही तिला माहीत होतं. "मावशी, ओढू नका, नुसतं आधार द्या," असं तिनं दोनदा सांगितलंही होतं. पण आता सहा जणींची महिन्याची मेहनत दोरीवर टांगलेली होती, आणि ती कोणाच्या घाईनं गेली हे विचारायच्या आत सगळ्यांना उत्तर सापडलं होतं. अल्का गप्प राहिली. मंगळवारी बाबा गावात आले, चहाच्या टपरीवर बसून त्यांनी सगळ्या घरांची चौकशी केली, आणि ते उत्तर पक्कं झालं.

गुरुवारी संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. रत्नपाल धानाच्या पोत्याचं तोंड बांधत होता. त्यानं हातातली सुतळी खाली ठेवली.

"तुले आता बोलायचं हाये?"

"बोलावं तं लागंन."

"हे पाय," तो म्हणाला, "आपन बोललो तं लोक म्हनतीन, हे तं बौद्ध, हे देवच मानत नाही, यायले काय समजते. गोष्ट गोधडीची, जाऊन पोचंल भलत्याच जागी. आन वरून तुही चूक. दोन्ही बाजूनं तूच सापडशीन."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. अल्का त्यावर शुक्रवारही गप्प राहिली.

*

शुक्रवारी पार्वताबाईच्या दारात कोणीतरी बाभळीचे काटे टाकले. ती बोअरिंगवर गेली तेव्हा बायका आपापल्या पाण्याच्या गुंड्या उचलून बाजूला झाल्या. तिला भांडं भरू दिलं, पण तिच्यानंतर हापशीचा दांडा धुऊन घेतला.

शनिवारी दुपारी अल्का डबा घेऊन तिच्याकडे गेली. काटे पायानं सारून आत शिरली. पार्वताबाई भिंतीला टेकून बसली होती. समोर एक पिशवी भरून ठेवलेली: दोन लुगडी, एक ताट, नवऱ्याचा फोटो.

"कुठं जाता, मावशी?"

"सालेकशाकडे भाच्याची सून हाये. ठेवंल का नाही, मालूम नाही."

"थोडं जेवून घ्या."

अल्कानं ताटात भात वाढला, वरण घातलं, त्यावर लिंबू पिळायला घेतलं. पार्वताबाईनं ताट धरायला हात पुढे केला. लिंबाचे चार थेंब ताटाऐवजी मनगटावरच्या लाल पट्टीवर पडले.

अल्का बघतच राहिली. जिथे थेंब पडले होते, तिथे लाल कापड पिवळं झालं होतं. चार पिवळे ठिपके, कडांना जरा पसरलेले.

तिनं लिंबाची फोड पुन्हा उचलली आणि पट्टीवर मुद्दाम पिळली. अर्धी पट्टी पिवळी झाली.

लाल रंग सुटतो, फिका होतो, गुलाबी पडतो. पण लालाचा पिवळा होत नाही. आणि रक्ताचा तर होतच नाही. तिनं पट्टी नाकाशी नेली. हळदीचा वास आला. वरणाचा हात पुसलेला पांढरा फडका साबण लावून घासला की त्यावरचा पिवळा डाग लालभडक होतो, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. फक्त त्या वेळी समोर कोणी बाबा बसलेला नसायचा.

"मावशी, हे रक्त नाही," ती म्हणाली. "हे हळद होय."

पार्वताबाईनं पट्टीकडे पाहिलं, मग अल्काकडे. "आन गोधड्यांवरचं?"

अल्कानं लिंबाची फोड खाली ठेवली. मग ती म्हणाली, "ते कापडाचा रंग होय. मी कापड न धुता कापलं. मले सोमवारीच मालूम होतं."

पार्वताबाईनं ताट खाली ठेवलं. जेवली नाही.

तिथून अल्का सरळ हर्षाकडे गेली. हर्षाच्या पोरीला मंगळवारपासून ताप होता. दारातूनच तिचा श्वास ऐकू येत होता, वर-वर, शिट्टीसारखा. छातीला राख चोळलेली होती.

"हर्षा, पोरीले दवाखान्यात ने. तिच्या बरगड्या पाय कशा आत जाऊन राहिल्या."

"बाबा म्हनते, बाई गावाबाहेर गेली की ताप उतरते." हर्षाचे डोळे रडून सुजले होते. "दवाखान्यात नेलं तं बाधा संगं येते म्हनते. आन तू तिच्या घरून आली ना आत्ता? मंग आत नको येऊ, ताई. हात जोडतो तुले."

तिनं दार लावून घेतलं. अल्का ओसरीवर उभी राहिली. आतून पोरीचा खोकला येत होता. सोमवारी टाक्याजवळ मी दोन वाक्यं बोलले असते तर हे दार उघडं असतं, असं तिला वाटलं.

*

रविवारी सकाळी मशीन न्यायला टेम्पो आला. पटांगणात पुन्हा गर्दी. बाबा एकेका मशीनला दोरा गुंडाळत होते आणि समजावत होते, "मशीनमधी आत्मा फिरते. चाक फिरते ना? मंग त्याच्यासंगं आत्माबी फिरते. सायन्स हाये हे."

अल्का परात घेऊन आली. परातीत पाणी, हातात कोऱ्या लाल कापडाचा उरलेला तुकडा आणि पांढऱ्या मांजरपाटाची चिंधी. रत्नपाल तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"मले दोन गोष्टी सांगायच्या हायेत," ती म्हणाली. "पहिली माझी. ह्या आठ गोधड्यांचं लाल कापड मी न धुता कापलं. घाई केली. त्याचा रंग सुटला. हे पाहा."

तिनं लाल तुकडा पाण्यात बुडवून पांढऱ्या चिंधीत गुंडाळला, पिळला आणि उलगडला. चिंधीवर तेच ओघळ होते, जे दोरीवरच्या गोधड्यांवर होते.

"गोधड्या बारा होत्या. बाराही पार्वतामावशीनं धरल्या. मंग बाधा आठांनाच कशी झाली? त्या चार तिकडे घडी करून ठेवल्या हायेत, कोनीबी जाऊन पाहा. पांढऱ्या हायेत. त्यांचं कापड मी धुतलं होतं, म्हनून. आन सुया तुटल्या त्या मागून ओढल्यानं आन बारीक सुई लावल्यानं. तीबी मीच लावली."

गटातली चंदा पुढं आली. तिचा चेहरा लाल झाला होता. "मंग सहा दिवस तोंडाले टाके घातले होते का तू? आमचा महिना गेला. ती म्हातारी गाव सोडून निघाली. आन तू आता सांगून राहिली?"

"हो," अल्का म्हणाली. "आता सांगून राहिली."

तिनं मान खाली घातली नाही.

बाबांनी ही फट बरोबर हेरली. "चलो, मान लिया. कपड्याचा रंग असंन. पन बाईच्या हाताचं रक्त? ते तं साऱ्या गावानं पायलं."

"तेच दुसरं," अल्का म्हणाली. "माझ्या हातावर तुमची पिवळी पट्टी अजून हाये. पहिल्या लोट्याच्या पान्यानं ती पिवळीच राहिली. आता दुसऱ्या लोट्यातलं ओता."

"तीर्थ संपलं."

"झोळीत लोटा हाये, बाबा," टेकचंद म्हणाला. हर्षाचा नवरा. मंगळवारपासून पोरीसाठी बाबांच्या पायाशी बसून होता, त्यामुळे झोळीत काय आहे हे त्याला ठाऊक होतं. बाबांनी झोळी जवळ ओढली, पण टेकचंदनं ओढून घेतली. लोटा अर्धा भरलेला होता. वरचं पाणी नितळ, आणि लोटा तिरपा केला तर तळाशी पांढरा गाळ. टेकचंदनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला.

"चुना होय," तो म्हणाला. "खर्ऱ्यात तंबाखूसंगं घोटते, तो चुना."

"चुन्याची निवळी," अल्का म्हणाली. "ओत."

त्यानं ओतली. अल्काची पिवळी पट्टी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लाल झाली, गुरुवारी पार्वताबाईची झाली होती तशीच. मग अल्कानं लिंबू पिळलं आणि ती पुन्हा पिवळी झाली.

"ह्यात माझी काही हुशारी नाही," अल्का म्हणाली. "हळदीच्या डागाले साबन लागला की तो लाल होते. सांगा, इथल्या कोन्या बाईनं हे पायलं नाही? हळदीले चुना लागला तरी तसंच होते. आपल्या सगळ्यांच्या मोरीत रोज होते हे. आपन मोरीत त्याले डाग म्हनतो, इथं रक्त म्हनलं. मले मानू नका. घरी जा, हळद घ्या, चुना घ्या, करून पाहा."

एक म्हातारी हळूच म्हणाली, "होते खरं तसं. माझ्या धुन्यात होते."

टेकचंद लोटा हातात धरून तसाच उभा होता. मग त्यानं तो जमिनीवर ठेवला आणि घराकडे पळत सुटला. पाच मिनिटांत तो मोटारसायकलवरून परत आला, मागे हर्षा, मध्ये गुंडाळलेली पोर. पटांगणापाशी थांबलेसुद्धा नाहीत, सरळ केशोरीच्या रस्त्याला लागले.

सेवकबाबा टेम्पोत बसायला निघाले होते. जाता जाता म्हणाले, "इथली लहरच खराब हाये." पोलीस पाटलानं टेम्पोची किल्ली काढून घेतली. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे हे त्याला गुरुवारीही माहीत होतं. गुरुवारी तो पहिल्या रांगेत हात जोडून उभा होता. दुपारी पोलीस आले. तक्रारीवर पहिली सही अल्कानं केली, दुसरी चंदानं.

*

पोरीला न्यूमोनिया झाला होता. केशोरीहून तिला गोंदियाला हलवलं. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. अकरा दिवसांनी ती घरी आली, निम्मी होऊन. हर्षा अजून तिचा श्वास मोजत बसते.

गोधड्या अल्कानं आणि चंदानं पुन्हा भिजवल्या. कढत पाणी, साबण, दर दोन तासांनी पाणी बदलायचं, मध्ये वाळू द्यायचं नाही. पाणी गुलाबी येत राहिलं, मग फिकं, मग स्वच्छ. पाच गोधड्या निघाल्या. तीन नाही निघाल्या. त्यांच्यावर डाग राहिले ते राहिलेच. लॉजवाल्यांना अल्कानं फोन करून खरं काय ते सांगितलं. त्यांनी नऊ घेतल्या.

त्यानंतर ती पार्वताबाईकडे गेली. दारातले काटे कोणीतरी उचलले होते. पिशवी मोकळी झाली होती, नवऱ्याचा फोटो पुन्हा भिंतीवर होता.

"मावशी, गटात या. तुमची जागा कोनाले दिली नाही."

पार्वताबाई तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

"बाबा तं परका मानूस होता," ती म्हणाली. "त्यानं फसवलं, त्याचं काही नाही. पन तुले सोमवारी मालूम होतं. मी चार दिवस हा हात घेऊन गावात फिरलो. लोकं दांडा धूत होते. मलेबी वाटाले लागलं होतं, का खरंच माझ्यातच काही हाये."

"चुकलं माझं."

"चुकलंच. मी नाही येत गटात." तिनं तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "तुले काही करायचं असंन, तं एक कर. ज्या ज्या घरी लोकं मले भ्याले, त्या घरी जाऊन सांग. एकेकाच्या घरात बसून सांग."

अल्का गेली. भिवरटोल्यात एकशे चाळीस घरं आहेत. रोज संध्याकाळी चार-पाच घरं होत. काही घरांनी चहा दिला, काहींनी दारातूनच ऐकलं, दोन घरांत "तुमाले देव नाही, तुमी काय सांगता" हेही ऐकावं लागलं. ती ऐकून घेत होती आणि त्याच घरातली हळद, त्याच घरातला चुना मागून घेत होती. पार्वताबाई गटात आली नाही ती नाहीच. पण बोअरिंगवर आता तिच्यानंतर कोणी दांडा धूत नाही.

बाबा एक गेला, दुसरा येईल. त्याच्या लोट्यात चुना नसेल, दुसरं काही असेल. तेव्हा तुमच्या गावातही कोणाकडे बोट दाखवलं जाईल, आणि ते बोट बहुतेक अशाच माणसाकडे वळेल ज्याच्या मागे कोणी नाही. त्या वेळी हात जोडण्याआधी एवढंच विचारा, जे पार्वताबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं आणि कोणी ऐकलं नाही: हे आलं कुठून? घरी जाऊन करून पाहा. लेकराला ताप असेल तर दवाखान्यात न्या. आणि तुम्हाला उत्तर माहीत असेल, तर त्यात तुमची स्वतःची चूक असली तरी, त्याच दिवशी बोला.